काळविहीर, राणी आणि पहारेकरी : कल्पनारम्य कथेतला कालप्रवास नेमका कुठे फसतो?

उलटी_पावले (धागा)

कल्पनारम्य कथेत कालप्रवास आला आणि कुणी तर्काची शंका काढली, की "जादूच आहे, मग काहीही चालेल" हे उत्तर ठरलेलं असतं. ते पटत नाही. जादूने डोंगर उचलला तर वाचक सहज मान्य करतो, कारण त्यामुळे मागच्या पानावरचं काही खोटं पडत नाही. कालप्रवासाने मागची पानंच खोटी पडू शकतात. म्हणून इतर कुठल्याही जादूपेक्षा इथे नियम जास्त कडक हवेत.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक मांडणी देत आहे. सगळ्यांनी हीच वापरावी.

किल्ल्यात एक काळविहीर आहे. उडी मारणारा बरोबर ४ दिवस मागे जातो आणि त्याच विहिरीच्या काठावर निघतो. दिवस १० च्या रात्री राणीला विष दिलं जातं. तिचा पहारेकरी दिवस १३ च्या सकाळी उडी मारतो, दिवस ९ च्या सकाळी बाहेर येतो आणि दहाव्या रात्री विषाचा पेला उलटवतो. राणी वाचते. आता ज्याने अजून उडी मारलेली नाही तो धाकटा पहारेकरी दिवस १३ ला विहिरीकडे जाईलच कशाला? आणि तो गेला नाही, तर पेला कुणी उलटवला?

मागे जाऊन कुणी आपल्या आजोबांना लग्नाआधीच मारलं, तर मारणारा जन्मला कसा? त्या आजोबांच्या पेचाचंच हे राजवाड्यातलं रूप. यातून बाहेर पडायचे मार्ग कोणते, आणि प्रत्येक मार्गाचे कथेवर परिणाम काय होतात, यावर लिहा.

---

पूर्वपक्ष

मार्ग तीनच आहेत आणि पहिलं प्रकरण लिहायच्या आधी त्यातला एक निवडावा लागतो.

अचल काळ : जे घडलं ते घडलंच. पहारेकरी मागे गेला तरी त्याचं मागे जाणं आधीपासूनच त्या चार दिवसांत सामील होतं.

पुसून लिहिलेला काळ : रेषा एकच, पण खोडता येते. राणी वाचली की जुने तीन दिवस नाहीसे.

फाटे : पहारेकरी बाहेर आला त्या क्षणी नवा फाटा फुटला. जुन्या फाट्यात राणी मेलेलीच आहे.

बहुतेक हस्तलिखितं फसतात ती या तिन्हींची भेसळ झाल्यामुळे. राणीला वाचवताना काळ खोडता येतो, खलनायकाने तेच केलं की मात्र "नियती बदलत नाही" असं एखादा वृद्ध ऋषी सांगतो, आणि शेवटच्या प्रकरणात अचानक दुसऱ्या फाट्यातला पहारेकरी येऊन उभा राहतो. वाचकाला कारण बोलून दाखवता येत नाही, पण लेखकाने फसवलं हे त्याला कळतं.

---

चौथा_मसुदा

+१. मार्ग निवडल्यावर लगेच करायचं काम म्हणजे तक्ता. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७६ च्या निबंधात बाह्य काळ आणि व्यक्तिगत काळ असा भेद केला होता. लेखकाला त्याचा उपयोग अगदी हिशेबाच्या वहीसारखा होतो. प्रत्येक पात्राला तीन रकाने द्या : जगाचा दिवस, त्या पात्राचं स्वतःचं वय दिवसांत, आणि त्या क्षणी त्याला काय काय माहीत आहे.

वरच्या मांडणीत पहारेकऱ्याच्या ओळी अशा पडतील :

जगाचा दिवस ९, व्यक्तिगत दिवस ९ : धाकटा. काहीच माहीत नाही.
जगाचा दिवस १३, व्यक्तिगत दिवस १३ : राणी गेल्याचं माहीत. उडी.
जगाचा दिवस ९, व्यक्तिगत दिवस १३ : थोरला बाहेर आला. पुढचे चार दिवस माहीत.
जगाचा दिवस १३, व्यक्तिगत दिवस १७ : थोरला विहिरीजवळ. धाकटा उडी मारतो की नाही, ते इथे ठरतं.

आता दिवस ९ ते १३ मध्ये किल्ल्यात पहारेकरी दोन आहेत. दोघांना दोन वेळचं जेवण लागतं, दोघांना झोपायला जागा लागते, दोघांचा आवाज एक. एकाच रात्रीकडे तो तीनदा परतला तर त्या रात्री त्याची चार शरीरं असतील : जितक्या वेळा परतला, अधिक एक. मसुद्यात हे मोजलेलं नसतं आणि मग एकाच दाराआड तिघे लपलेले असताना कुणाला चाहूलही लागत नाही.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पात्राच्या तोंडी एखादी माहिती आली की ती त्याला कोणत्या ओळीत मिळाली ते दाखवता आलं पाहिजे. ओळ सापडली नाही, तर तो संवाद काढायचा.

वयाचं गणितही सोडू नका. एखादी शिष्या रोज ५ तास मागे जाऊन दुप्पट अभ्यास करते आणि हे ३०० दिवस चालतं, असं दाखवलं तर तिचे १,५०० तास जास्त गेले. म्हणजे साडेबासष्ट दिवस. ती वाढदिवसाला मैत्रिणींपेक्षा दोन महिन्यांनी मोठी आहे. शिवाय जादा जागेपणाची झोप तिने कधी काढली?

---

रातकिडा

अचल काळ कंटाळवाणा असतो असा समज आहे, तो खोडायला हवा. भौतिकशास्त्रातच याचं एक सुरेख उदाहरण आहे. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी असा प्रश्न घातला : बिलियर्डचा चेंडू कृमिविवरात (वर्महोल, म्हणजे अवकाश-काळातल्या दोन जागा जोडणारा बोगदा) शिरला, थोडा आधीच्या काळात बाहेर आला आणि स्वतःलाच धडकून त्याने स्वतःचा विवराकडे जाणारा मार्ग चुकवला, तर? म्हणजे आजोबांचाच पेच, फक्त माणसं आणि त्यांच्या इच्छा वगळून. १९९१ मध्ये एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी दाखवलं की त्याच सुरुवातीपासून सुसंगत उत्तरं निघतात. चेंडू बाहेर येतो तो जरा वेगळ्या कोनात. तो स्वतःला पूर्ण धडक देत नाही, चाटून जातो. त्या हलक्या धक्क्याने पहिल्या चेंडूचा मार्ग किंचित बदलतो, आणि नेमका त्याच बदलामुळे तो विवरातून वेगळ्या कोनात बाहेर पडतो. वर्तुळ जुळलं. आणि असं उत्तर एकच नसतं, अनेक असतात.

लेखकासाठी सगळी किल्ली या "चाटून जाण्यात" आहे. पहारेकरी पेला उलटवू शकत नाही, कारण पेला उलटला नव्हता. पण दहाव्या रात्रीबद्दल धाकट्याला खरं तर काय माहीत आहे? राणी पेला प्यायली, कोसळली, वैद्याने मान हलवली, दुसऱ्या दिवशी बंद पालखी गेली. यातलं "राणी मेली" हे त्याने पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. थोरला येऊन विषाच्या जागी गाढ झोपेची मुळी घालू शकतो. घटना एकही बदलली नाही, तिचा अर्थ बदलला. धाकट्याला दुःख तेवढंच झालं, म्हणून तो दिवस १३ ला उडी मारतोच.

यासाठी पहिल्या फेरीत किमान तीन तपशील असे पेरावे लागतात जे दोन्ही अर्थांनी वाचता येतील. पेल्याला जरा वेगळा वास. वैद्याची नको इतकी घाई. रिकाम्या दालनातून आलेला पावलांचा आवाज. एकच तपशील पेरला तर वाचकाला तो योगायोग वाटतो, सहा पेरले तर त्याला आधीच कळतं. आणि एक पथ्य : पहिल्या फेरीत निवेदकाने जे *दाखवलं* ते खरंच राहिलं पाहिजे. पात्रांनी जे *सांगितलं* ते खोटं निघालं तरी चालतं.

---

अनामिका_काठ

पण मग थोरल्याने मुद्दामच ठरवलं, की काहीही होवो, भर दरबारात पेला फोडायचाच, तर त्याला कोण अडवणार? दर वेळी पाय घसरला, दार अडकलं, घंटा वाजली असं दाखवत बसायचं का?

---

रातकिडा

रास्त शंका. तत्त्वज्ञानात याला केळीच्या सालीची अडचण म्हणता येईल. एकदा पाय घसरणं चालून जातं. पाच वेळा घसरला तर विश्व कथेत हात घालतंय असं दिसायला लागतं.

कल्पनारम्य लेखकापुढे दोन वाटा आहेत. एक, त्या हात घालण्यालाच जादूचा भाग करा : विहीर जिवंत आहे, आणि जो विसंगती घडवणार त्याला ती आत घेतच नाही. म्हणजे अडथळा प्रवासानंतर नाही, प्रवासाआधी. उडी मारली आणि नुसताच पाण्यात पडला, तर पात्राला कळतं की आपण जे करणार होतो ते शक्य नाही. हे फार प्रभावी ठरतं, कारण विहीर काही न बोलता भविष्य सांगून गेलेली असते. दुसरी वाट म्हणजे अडथळा बाहेरून येऊच द्यायचा नाही, तो पात्राच्या स्वभावातून येऊ द्यायचा. थोरला पेला फोडू शकत असतो, पण दरबारात उभं राहिल्यावर त्याला खुनी कोण ते दिसतं आणि तो स्वतःहून थांबतो. पाय घसरण्यापेक्षा हे लिहायला कठीण, पण वाचकाला खटकत नाही.

---

सांजवात

अचल काळाचं सर्वांत ओळखीचं उदाहरण आपल्याकडे कंसाचं आहे. आकाशवाणी ही भविष्याकडून आलेली माहितीच. देवकीचा आठवा मुलगा मारणार हे कळल्यावर कंस दोघांना बंदिवासात टाकतो. बंदिवासामुळेच बाळ जन्मल्याबरोबर गोकुळात पोहोचवावं लागतं. त्यामुळेच ते कंसाच्या नजरेआड वाढतं. टाळण्याच्या प्रत्येक पावलाने वर्तुळ पुरं केलं आहे. चेंडू चाटून जाण्याचंच हे दुसरं रूप.

यावरून निघणारा नियम लेखकांनी लक्षात ठेवावा. कथेत भविष्यवाणी असेल तर कथेत कालप्रवास आहेच, फक्त माणसाऐवजी माहिती मागे आली आहे. मग दोघांना एकच नियम लागू हवा. भविष्यवाणी अटळ आणि विहीर मात्र काळ खोडणारी, असं एकाच पुस्तकात ठेवलं तर राणीच्या मृत्यूची भविष्यवाणी झाली असताना पहारेकऱ्याने तिला वाचवल्यावर ज्योतिषी खोटा पडला की विहीर, याचं उत्तर देता येणार नाही.

---

पूर्वपक्ष

सांजवात, भविष्यवाणीचा मुद्दा फार महत्त्वाचा. जोडीला अनादि वस्तूंचा पेच घ्या.

समजा थोरला पहारेकरी धाकट्याला एक अंगठी देतो : "ही विहिरीत रक्षण करते." धाकटा ती घालून उडी मारतो, थोरला होतो आणि तीच अंगठी धाकट्याला देतो. ती घडवली कुणी? कुणीच नाही. लॉसेव आणि नोविकोव यांनी १९९२ मध्ये अशा वस्तूंना "जिन्न" म्हटलं. त्यांचे दोन प्रकार : पहिल्यात वस्तू फिरते, दुसऱ्यात फक्त माहिती.

नुसतं "कर्ता नाही" एवढ्यावर वाचक अडत नाही, उलट त्याला ते आवडतं. खरी अडचण झिजेची आहे. अंगठीला एका फेरीत एक ओरखडा पडला, तर ती दिवस ९ ला देताना ओरखड्यासह आहे. पण ती हीच अंगठी, हाच दिवस ९. म्हणजे ओरखडा आधीपासून हवा होता. मग या फेरीतला ओरखडा दुसरा झाला. कुठेच जुळत नाही. वस्तू फेरीच्या शेवटी अणुरेणूंसकट सुरुवातीसारखीच झाली पाहिजे. लोखंडी तलवार, दोरी, कागद, कातडी पिशवी या वस्तू जिन्न म्हणून लगेच फसतात.

उपाय :

अंगठी वाटेत वितळवून त्याच साच्यात पुन्हा ओतली जाते असं दाखवा. सोनं मात्र दर फेरीला थोडं उडतं, तेव्हा तेवढं बाहेरून घालणारा सोनार हवा.

किंवा झीज भरून काढणं हाच अंगठीचा गुण ठेवा. मग तिची ताकद कुठून येते, हा प्रश्न कथेत यायला हवा.

किंवा अंगठी दोन प्रतींत ठेवा : थोरला आपली देत नाही, खजिन्यातली दुसरी देतो. जिन्न संपला आणि कथेचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या प्रकारचा जिन्न म्हणजे मंत्र. थोरल्याने धाकट्याला शिकवला, धाकटा थोरला झाल्यावर तोच शिकवतो. मंत्र झिजत नाही, म्हणून तर्काला बाध नाही. पण माणूस शब्द बदलतो, विसरतो. मंत्र चौदा अक्षरांचा असेल तर चालेल, चौदा ओव्यांचा असेल तर पाठांतरात एकही चूक का झाली नाही हे सांगावं लागेल.

---

निळा_दिवा

फाट्यांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात क्रूर पर्याय तोच आहे.

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये पुंज यांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्स) जो अर्थ लावला, त्यावरून "अनेक विश्वं" ही कल्पना लोकप्रिय झाली. कथेत फाटे घेतले की आजोबांचा पेच जागच्या जागी सुटतो : पहारेकरी फाटा 'क' मधून आला, राणी वाचली फाटा 'ख' मध्ये. विसंगती कुठेच नाही. म्हणूनच लेखक हा मार्ग पटकन घेतात आणि परिणाम मात्र लिहीत नाहीत.

परिणाम पाहा. 'क' मध्ये राणी मेलेलीच आहे, आणि आता तिथला पहारेकरीही नाहीसा झाला आहे. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने तो शोकाने विहिरीत बुडाला. त्याची आई, बायको, मुलं तिथेच आहेत. त्याने कुणालाच वाचवलं नाही. आपलं जग सोडून तो दुसऱ्या जगात राहायला गेला, एवढंच.

'ख' मध्ये आता पहारेकरी कायमचे दोन. धाकट्याला उडी मारायचं कारणच नाही, म्हणून तो जाणार नाही. घर एक, पगार एक, बायको एक. थोरल्याला सगळं आठवतं, पण हक्क कशावरच नाही. आणि 'ख' मधल्या राणीला तर आपण मेलो होतो हे माहीतच नाही, ती कृतज्ञ तरी कशी असणार? इथून पुढे खरी कादंबरी सुरू होते. बऱ्याच लेखकांची मात्र इथे संपते.

अजून एक. फाटे अगणित असतील तर "राणी वाचली" याचं वजन उरत नाही, कारण कुठल्यातरी फाट्यात ती वाचणारच होती. उपाय म्हणजे फाट्यांची संख्या बांधून टाका. विहीर आयुष्यात एकदाच फाटा पाडते, किंवा फाटा पडला की तिचं पाणी आटतं, असं काही.

---

सांजवात

फाटा नेमका कुठे पाडावा, याचा धडा डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये आहे. फरक एका गोळीचा : विश्वासरावांना लागते की चाटून जाते. निकाल दोन्ही बाजूंना झुकू शकेल असा क्षण, आणि त्या क्षणी एकच लहान घटना. त्यामुळे पुढचा मोठा बदल पटतो. शांत दुपारी भिंतीवरचं फूल तोडलं आणि साम्राज्य कोसळलं असं लिहिलं तर मधल्या शंभर पायऱ्या लेखकाला दाखवाव्या लागतात.

---

चौथा_मसुदा

राहिला पुसून लिहिलेला काळ. वाचकाला सगळ्यात सोपा, लेखकाला सगळ्यात अवघड.

त्यातला नेहमीचा प्रसंग : भूतकाळ बदलला आणि पात्राच्या हातातलं चित्र हळूहळू पुसट होऊ लागलं. दिसायला छान, पण "हळूहळू" म्हणजे कोणत्या काळात? चित्रातला माणूस वीस वर्षांपूर्वीच जन्मला नाही, तर चित्र आधीपासूनच कोरं हवं. पुसट व्हायला दहा मिनिटं लागली, म्हणजे काळ बदलण्यासाठी वेगळा, दुसरा काळ आहे. तो ठेवायला हरकत नाही, पण मग त्याचा वेग ठरवा आणि सगळीकडे तोच वापरा. उदाहरणार्थ : बदलाची लाट दिवसाला एक वर्ष या वेगाने पुढे सरकते. ४० वर्षांपूर्वी बदल केला तर परिणाम ४० दिवसांनी पोहोचेल. आता त्या ४० दिवसांत काय करायचं, याची कथा होते. वेग ठरवला नाही की संकट लेखकाच्या सोयीने लवकर किंवा उशिरा येतं आणि सगळा ताण निघून जातो.

दुसरा प्रश्न, आठवण कुणाला राहते? सगळ्यांची पुसली तर कथेला साक्षीदारच उरत नाही. फक्त प्रवाशाला राहिली तर का? विहिरीच्या पाण्याचा स्पर्श झालेल्यांनाच जुना काळ आठवतो, असा एखादा मूर्त नियम पुरतो. मग खलनायकाने त्या पाण्याची एक कुपी मिळवणं हा आपोआप कथेतला मोठा धोका बनतो.

तिसरं. विज्ञानकथाकार लॅरी निव्हेन यांनी १९७१ मध्ये एक मुद्दा मांडला होता : भूतकाळ बदलता येत असेल, तर बदल होतच राहतील, आणि जिथे कालयंत्र कधी शोधलंच गेलं नाही अशा स्थितीला पोहोचल्यावरच ते थांबतील. ती एकच स्थिर स्थिती. कल्पनारम्य कथेला हा शेवट म्हणून विलक्षण शोभतो. राज्यात काळविहिरीची कुणाला माहितीच का नाही? कारण जिथे ती माहीत होती ती प्रत्येक आवृत्ती कुणीतरी पुसली.

---

अनामिका_काठ

खूप मागे गेल्यावरचे परिणाम? चार दिवसांऐवजी ५०० वर्षं?

---

पूर्वपक्ष

५०० वर्षं म्हणजे २५ वर्षांची एक पिढी धरून २० पिढ्या. वंशवृक्षात इतक्या वर १०,४८,५७६ जागा होतात. एकच पूर्वज अनेक जागांवर येतो, त्यामुळे प्रत्यक्ष माणसं कमी, पण त्यातला एकही सुटला तर आजचा माणूस जन्मत नाही. शिवाय मरणाचीही गरज नाही, कुणाचं लग्न वर्षभर लांबलं तरी मुलं वेगळी. म्हणून अचल काळ नसेल तर ५०० वर्षांपूर्वी एका सैनिकाचा जीव वाचवून परतल्यावर दरबारात तीच राणी, तोच सेनापती भेटणं शक्य नाही. हे टाळायचं असेल तर काळ लवचिक आहे, खड्डा भरून काढतो, असा नियम उघड सांगा आणि त्याची मर्यादाही सांगा.

बाकी व्यवहारातल्या अडचणी :

भाषा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. ती आज टीपांशिवाय किती जणांना सलग कळते? पाचशे वर्षं मागे गेलेला प्रवासी बाजारात उभा राहून सहज गप्पा मारतो, हे जादूचं वेगळं कारण दिल्याशिवाय पटत नाही.

नाणी. ज्या राजाचा राज्याभिषेक अजून व्हायचाय त्याच्या मुद्रेचं नाणं म्हणजे खोटं नाणं. प्रवासी पहिल्याच व्यवहारात पकडला जाईल. बिनमुद्रेचं सोनं न्यावं.

रोग. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवी जगातून संपल्याचं जाहीर केलं, त्यानंतर जन्मलेल्या बहुतेकांना तिची लस मिळालेली नाही. अशी साथ संपलेल्या काळातून मागे गेलेला माणूस तिच्यापुढे उघडा पडतो. उलट दिशेने, पुढच्या काळातला नवा आजार तो मागे नेऊ शकतो, आणि मग इतिहासातल्या एखाद्या गूढ साथीचं कारण तोच ठरतो. अचल काळात हे फार छान बसतं.

पंचांग. "बारा वर्षं मागे ने" असं मंत्रात म्हटलं आणि विहीर निव्वळ चांद्र वर्षं मोजत असेल, तर ३५४ दिवसांचं एक वर्ष. सौर मोजणीशी बारा वर्षांत सुमारे १३० दिवसांची तफावत पडते. अधिक मास धरून मोजलं तरच ती भरून निघते. प्रवासी राणीच्या राज्याभिषेकाला जायला निघाला आणि चार महिने चुकला, ही चूक कथेत मुद्दाम वापरण्यासारखी आहे.

---

निळा_दिवा

स्थळाचा मुद्दा राहिला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे दिवसाला साधारण २५.७ लाख किलोमीटर. फक्त काळात मागे जाणारा माणूस पोकळीत पडेल. धाग्यातल्या विहिरीने हे आपोआप सोडवलं आहे : प्रवास जागेला बांधलेला, विहीर ते विहीर. पण त्यातून एक मर्यादाही येते. विहीर खणली त्याआधीच्या काळात जाता येणार नाही, तिथे निघायला काठच नाही. कृमिविवराच्या कालयंत्रालाही हीच मर्यादा आहे, ते तयार होण्याआधीच्या काळात त्यातून जाता येत नाही. "मग पहिल्या राजालाच का वाचवलं नाही?" या वाचकाच्या प्रश्नाला हे आयतं उत्तर.

---

सांजवात

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही : नुसता पुढे जाणारा प्रवास. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा मुलगी रेवतीला घेऊन तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं, म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. मनात योजलेले सगळे वर गेले, त्यांच्या वंशजांचीही नावं उरली नाहीत.

इथे पेच एकही नाही, कारण मागे कुणी आलं नाही. परिणाम मात्र केवढा! नियम नीट जमत नसतील तर लेखकाने हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. परत येण्याचं दार बंद ठेवलं की तर्काची निम्मी कटकट जाते आणि दुःख सगळं राहतं.

---

रातकिडा

किंमतीबद्दल. "प्रत्येक उडीला आयुष्याचं एक वर्ष" ही किंमत फार वापरली जाते आणि ती कमकुवत आहे, कारण तिचा पेचाशी संबंध नाही. वीस वर्षांचा नायक पाच उड्या सहज मारेल, वाचकाला काही जाणवणार नाही. किंमत पेचाच्या जागेवरच बसवावी. विहीर उडीचं *कारण* घेते, असं करून पाहा. पहारेकरी बाहेर येतो तेव्हा आपण का आलो हे त्याला आठवत नाही. मग तो आधी चिठ्ठी लिहील. चिठ्ठी त्याने स्वतः लिहून आणली तर ठीक. ती त्याने धाकट्याला दिली आणि धाकट्याने तीच परत आणली, तर पुन्हा जिन्न, आणि कागद झिजतो. म्हणून चिठ्ठी धाकट्याच्या हाती लागता कामा नये, हीच चार दिवसांची खटपट.

---

उलटी_पावले

सगळ्यांचे आभार, एवढं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. प्रतिसादांवरून विहिरीचे नियम असे पक्के करत आहे : अचल काळ. उडी नेहमी ४ दिवसांची. विहीर खणण्याआधी जाता येत नाही. जो विसंगती घडवणार त्याला ती घेत नाही. किंमत म्हणून उडीचं कारण घेते. भविष्यवाण्या अटळ. अंगठी दोन प्रतींत.

---

चौथा_मसुदा

एक भोक राहिलं आहे. विहीर तिच्यात पडेल ते मागे पाठवत असेल, तर पाऊसही मागे जाईल. पालापाचोळा, बेडूक, सुटलेली कळशी, सगळं चार दिवसांपूर्वीच्या काठावर येऊन पडेल. किल्ल्यातल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत असणार, मग विहीर गुप्त कशी? आणि आज काठावर कळशी दिसली, याचा अर्थ चार दिवसांनी ती कुणाच्या तरी हातून सुटणार. ही तर भविष्यवाणी झाली.

---

उलटी_पावले

बरोबर आहे, आणि हे बुजवण्यापेक्षा वापरावं असं वाटतं. पाऊस आणि पाला नको, म्हणून विहीर फक्त माणसाच्या हातातून सुटलेलं घेते, किंवा माणूस. पाणी शेंदण्यावर बंदी, पहारा त्यासाठीच. आणि पहिल्या प्रकरणात, दिवस ९ च्या सकाळी, धाकट्याला काठावर ओल्या पावलांचे ठसे दिसतात. तो पाणी चोरणाऱ्याला शोधत राहतो. ठसे त्याच्याच पायांच्या मापाचे आहेत, हे त्याला तेराव्या दिवशी उडी मारताना कळतं.

---

चौथा_मसुदा

मग तक्त्यात नोंद हवी : दिवस ९ ला थोरला अनवाणी. म्हणजे दिवस १३ ला उडीआधी त्याने वहाणा कुठे काढल्या, आणि त्या नंतर कुणाला सापडल्या?